किहीमची सुगरण आणि नास्तिकाचे प्रयोजन

अलिबाग तालुक्यातील एका गावी आमचे एक ज्येष्ठ स्नेही राहत असत. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवले, निवृत्तीनंतर गावातल्या मुलांना पुस्तके वाचायला दिली, आणि आपल्या मागे कोणतेही उत्तरकार्य करू नये असे लिहून ठेवून ते गेले. घरच्यांनी त्यांचा शब्द पाळला. दहाव्या दिवशी समुद्रावर पिंड ठेवला गेला नाही. त्या दिवशी भेटायला आलेल्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मात्र हलकेच विचारले, "पिंडच ठेवला नाहीत, तर गुरुजींची काही इच्छा मागे राहिली होती का, ते कळायचं कसं?" स्वरात दोष नव्हता, काळजी होती. बसलेल्यांपैकी कोणालाच उत्तर सुचले नाही. अंगणातल्या माडावर कावळे नेहमीप्रमाणे ओरडत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणाचे काही काम नव्हते, इतकेच.

पुढे बरेच दिवस तो प्रश्न आमच्या मनात राहिला. बाईंच्या बोलण्यात नास्तिकालाही इच्छा असतात, त्या अपुऱ्या राहू शकतात, आणि कोणीतरी त्यांची विचारपूस करायला हवी, हे गृहीत होते. सुशिक्षितांच्या प्रश्नात हे औदार्यही अनेकदा आढळत नाही. ते विचारतात, देव नाही, परलोक नाही, केल्या कर्माचा हिशेब ठेवणारा कोणी नाही, तर मग माणसाने सकाळी उठून काम करावे तरी कशासाठी? वर्गात आगरकरांचा निबंध शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. त्याला आम्ही आजवर जी उत्तरे दिली, ती आम्हांस स्वतःला पुरेशी वाटलेली नाहीत. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका चरित्राच्या आणि एका किनाऱ्याच्या आधाराने पुन्हा मांडून पाहावा, असा विचार आहे.

'नास्तिक' हा शब्दच मुळात नकाराचा. पाणिनीच्या व्याकरणात 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द 'आहे' किंवा 'नाही' अशी ज्याची मती, त्याच्यासाठी साधलेले आहेत, आणि टीकाकारांनी हे 'असणे-नसणे' परलोकाविषयीचे मानले आहे. म्हणजे परलोकाचा आधार नसलेला, तो नास्तिक. पुढे वेदांना न मानणारा आणि अखेर देव न मानणारा, अशी त्या शब्दाची अर्थांतरे झाली. पण कोणत्याही अर्थाने घेतला, तरी तो माणसापाशी काय नाही एवढेच सांगतो. काय आहे ते सांगत नाही. चार्वाकांचे तर स्वतःचे ग्रंथही उरले नाहीत. त्यांची मते आपल्याला मुख्यतः प्रतिपक्षाने केलेल्या सारांशांतून कळतात, आणि लोकांच्या स्मरणात ऋण काढून तूप पिणारा एक चैनी माणूस तेवढा शिल्लक राहिला. परलोक नाकारणारा मनुष्य एकतर भोगी होणार, नाहीतर निष्क्रिय होणार, ही समजूत इतकी जुनी आहे.

या समजुतीला महाराष्ट्रात पहिले ठसठशीत उत्तर मिळाले ते गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यातून. १८५६ साली टेंभू येथे जन्मलेला, दारिद्र्यात शिकलेला हा माणूस एम. ए. होताना आईला कळवतो, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी परहितासाठी घालवणार आहे. 'केसरी'चे संपादकत्व, डोंगरीचा तुरुंग, १८८८ साली काढलेला 'सुधारक', फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद, आणि दम्याने खंगत जाणारे शरीर. जिवंतपणी विरोधकांनी काढलेली आपली प्रेतयात्राही त्यांनी पाहिली. १८९५ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय चाळीससुद्धा नव्हते. ईश्वराविषयी अज्ञेयवादी असलेल्या या माणसाने निष्क्रिय व्हायला सवडच ठेवली नाही. त्यांच्यानंतर रघुनाथ धोंडो कर्वे आले. ते उघड नास्तिक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कार्यापायी महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि १९२७च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून आणि खटले सोसून 'समाजस्वास्थ्य' चालवले.

ही दोन नावे घेतली की वर्गात क्षणभर समाधान पसरते. परंतु एखादा चिकित्सक विद्यार्थी असतोच. तो म्हणतो, या दोघांना तर लढाई मिळाली होती. रूढी होती, धर्ममार्तंड होते, देवाच्या नावाने चाललेला अन्याय होता. ज्या देवाला त्यांनी नाकारले, त्यानेच त्यांना आयुष्यभराचे काम पुरवले. प्रतिपक्ष नसता तर त्यांच्या प्रेरणेचे काय झाले असते?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायचे तर ज्याच्या आयुष्यात देव हा आधार नाही आणि शत्रूही नाही, असा माणूस पाहावा लागेल. असे एक उदाहरण आमच्या स्नेह्यांच्याच तालुक्यात, त्याच किनाऱ्यावर घडून गेलेले आहे.

मांडव्याहून अलिबागकडे येताना किहीम लागते. १९३० साली हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. त्या वर्षी किहीमच्या समुद्रकाठच्या घरात एक तेहतीस वर्षांचा बेकार गृहस्थ पत्नीसह राहायला आला. त्याचे नाव सालिम अली. ब्रह्मदेशातील कौटुंबिक व्यवसायात त्याचा जम बसला नव्हता. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, निसर्गेतिहास विभागात त्याला मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आला. परत येऊन पाहतो तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. शिक्षण युरोपातले, विषय असा की त्याला देशात बाजार नाही, आणि हाती काम नाही. जगण्याच्या प्रयोजनाचा प्रश्न माणसाला पडावा, तर तो अशाच वेळी.

सालिम अलींनी स्वतःला नास्तिक म्हणून कधी मिरवले नाही, आणि ते बिरुद त्यांना मरणोत्तर चिकटवण्याची आमचीही इच्छा नाही. पण त्यांच्या आत्मचरित्रावरून एवढे स्पष्ट दिसते, की बालपणी अर्थ न कळता त्यांना कुराण म्हणायला शिकवले गेले, वडीलधाऱ्यांच्या दिखाऊ धार्मिकतेचा त्यांना लवकरच उबग आला, आणि प्रार्थनेचे उपचार त्यांना दांभिक वाटू लागले. त्यानंतर धर्माशी त्यांनी वाद मांडला नाही. ते त्याच्यापासून दूर झाले, एवढेच. आपल्या विद्यार्थ्याच्या शंकेला हाच माणूस हवा आहे.

किहीमला पावसाळ्यात सुगरणींची वसाहत बसली. इतरांनी ती येताजाता पाहिली असती. सालिम अली मात्र तिच्यासमोर दिवसच्या दिवस बसले. त्यांनी जे पाहिले ते १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि त्या लेखाने पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले.

त्यांना काय दिसले? घरटे विणतो तो नर. भाताच्या पातीच्या, गवताच्या, झावळीच्या बारीक पट्ट्या चोचीने चिरून आणून तो फांदीला गाठी मारतो, कडे करतो, आणि शिरस्त्राणासारखा आकार येईपर्यंत विणत नेतो. मग माद्या येतात, अर्धवट घरट्यांत शिरून ती पारखतात. एखादीने घरटे पसंत केले, की नर ते पुरे करतो, खाली लोंबणारी नळी विणतो. मादी आत अंडी घालते आणि उबवते. नर एव्हाना शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागलेला असतो. जे घरटे कोणालाच पसंत पडले नाही, ते तसेच अर्धे राहते, आणि त्याचा कर्ता नव्याने पहिल्या गाठीपासून आरंभ करतो.

मराठीच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थबकावे लागते. आपल्या भाषेने या पक्ष्याला नाव दिले तेच मुळी स्त्रीलिंगी. सुगरण म्हणजे हाताला चव आणि कामाला नेटकेपणा असलेली गृहिणी. बहिणाबाईंच्या खोप्याच्या प्रसिद्ध कवितेतही घरटे विणणारी आई आहे, आणि ती पिलांसाठी विणते. त्या कवितेचे मोल किहीमच्या निरीक्षणाने रतिभरही कमी होत नाही. ती कविता पक्षिशास्त्र सांगायला लिहिलेलीच नाही. पण शतकानुशतके आपण ज्या पक्ष्याकडे पाहत आलो, त्याच्यात आपण आपलेच घर पाहत होतो, हे मात्र त्या निरीक्षणाने कळते. तीच गोष्ट काजव्यांची. सुगरण घरट्यात ओला चिखल लावून त्यात काजवे बसवते, म्हणजे रात्री घरात उजेड होतो, अशी एक गोड लोकसमजूत आहे. चिखल खरा आहे. काजव्यांचा दिवा आपण लावलेला आहे.

ज्ञानाने जग रिकामे होते, असा एक विलाप आधुनिक साहित्यात सतत ऐकू येतो. देव गेला, काजवे विझले, उरले ते कोरडे निरीक्षण, असा त्याचा सूर असतो. किहीमचे उदाहरण आम्हांस याच्या उलट सांगते. काजवे गेले, पण त्यांच्या जागी जे दिसले ते अधिक चकित करणारे होते, कारण ते आपल्या अपेक्षेतून आलेले नव्हते. आपल्यासाठी मुळीच नसलेल्या एका गोष्टीकडे, ती आपल्यासाठी नाही हे जाणून, माणूस आयुष्यभर टक लावून पाहू शकतो. याला भक्ती म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. शब्दांची उसनवारी केली की नास्तिकाच्या पदरी पुन्हा दुसऱ्याचेच वस्त्र येते. आपण त्याला लक्ष देणे म्हणू. साधा शब्द आहे, पण पुरेसा आहे.

नराच्या त्या पुनःपुन्हा आरंभलेल्या घरट्यावरून कोणाला काम्यूचा सिसिफस आठवेल. १९४२ साली, युरोप युद्धात होरपळत असताना, काम्यूने तो निबंध प्रसिद्ध केला आणि व्यर्थ श्रमाचा तो पुराणनायक सुखी आहे, अशी कल्पना करण्याचे आवाहन केले. साम्य मोहक आहे, पण फसवे आहे. सुगरणीच्या नराला व्यर्थतेची जाणीव नाही. त्याला प्रयोजनाचा प्रश्न पडत नाही. प्रश्न पडू शकत होता तो समोर बसलेल्या बेकार माणसाला. आणि सिसिफसला शिळेवाचून दुसरे काही पाहायला नव्हते. या माणसासमोर एक अख्खी वसाहत होती.

संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मम्मटाने सांगितलेली काव्यप्रयोजने पाठ असतात. यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अनिष्टनिवारण, कान्तासंमित उपदेश, आणि या सर्वांचे मुकुटस्थान अशी सद्यःपरनिर्वृती. यांतील यश आणि अर्थ ही काव्याच्या बाहेर, काव्यानंतर मिळणारी फळे आहेत. सद्यःपरनिर्वृती मात्र काव्यातच, त्याच क्षणी आहे. 'सद्यः' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या मते जीवनाच्या प्रयोजनाविषयी जो घोळ होतो, तो याच ठिकाणी. परलोक हे जीवनाला बाहेरून जोडलेले प्रयोजन आहे, जसे कवितेला राजाकडून मिळणारे धन. ते काढून घेतले की कविता निष्प्रयोजन होते असे कोणताही काव्यशास्त्रज्ञ म्हणणार नाही. मग तेच जीवनाबद्दल मात्र आपण इतक्या सहजपणे कसे म्हणतो?

येथवर युक्तिवाद सुखाचा आहे. खरी परीक्षा दुःखाची असते. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. किहीमच्या दिवसांत आणि नंतरच्या भटकंतीत ज्यांनी साथ दिली, त्या पत्नीचा असा अचानक मृत्यू. श्रद्धावंताला अशा वेळी 'त्याची इच्छा' हे दोन शब्द तरी असतात. ज्याने ते शब्द आधीच ठेवून दिले, त्याचे काय? कामाने दुःख बरे होते, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. चरित्र एवढेच दाखवते, की सालिम अली बहिणीच्या घरी राहायला गेले आणि त्यांनी काम सोडले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील लोकप्रिय पुस्तक आले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दुःख तिथेच राहिले असेल. जगही तिथेच होते, आणि त्यातले बरेच पाहायचे राहिले होते. आम्हांस वाटते, नास्तिकाला मिळणारे सांत्वन इतकेच असते. ते कमी आहे हे मान्य करावे, पण ते शून्य नाही.

यावर एक आक्षेप आम्हीच घेऊन ठेवतो. तय्यबजींच्या नात्यागोत्यातल्या, समुद्रकाठी घर लाभलेल्या माणसाला बेकारीतही पक्षी पाहणे परवडते. ज्याच्या चुलीवर काही नाही, त्याला 'लक्ष देणे' हा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही याच तालुक्यात आहे. सालिम अलींचा लेख प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, १९३३च्या ऑक्टोबरात, अलिबाग-वडखळ रस्त्यावरच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी १९३९पर्यंत, सहा वर्षे, जमिनी कसल्या नाहीत. लाकूडफाटा विकून, उपास काढून दिवस ढकलले. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

ही कुळे नास्तिक नव्हती. त्यांच्या घरांत देव्हारे होते. पण सहा वर्षे पीक न घेता त्यांना उभे ठेवणारी गोष्ट परलोकातली नव्हती. ती पायाखालच्या खाजणाची आणि पिकातल्या आपल्या वाट्याची होती, पोरांना खोताच्या दारी वाकायला लागू नये ही होती. आस्तिकाची प्रेरणासुद्धा त्याच्या सर्वांत कठीण काळात बहुधा इहलोकीचीच असते, एवढे या उदाहरणावरून म्हणता येईल. मग नास्तिकाकडून तेवढा वेगळा जबाब का मागावा? किहीमचा निरीक्षक आणि चरीचे कूळ यांच्यात वर्गाचे मोठे अंतर आहे. दोघांचे डोळे मात्र स्वतःच्या पलीकडच्या, पण याच जगातल्या गोष्टीवर लागलेले होते.

शेवटी एका शीर्षकाविषयी. सालिम अलींचे आत्मचरित्र १९८५ साली, मृत्यूच्या दोन वर्षे आधी आले. त्याचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे शब्द ऐकताच 'हॅम्लेट'चा अखेरचा अंक आठवतो, आणि त्यामागचे बायबलही. एक चिमणी पडते तीही ईश्वरी योजनेनेच, अशी ती भावना. आता योगायोग पाहा. हॅम्लेटला 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली मराठीत आणले ते आगरकरांनी. भाषांतर करताना त्या अज्ञेयवाद्याची या वाक्याशी गाठ पडलीच असणार. आणि शंभर वर्षांनी प्रार्थनेपासून दूर गेलेला एक पक्षिशास्त्रज्ञ तेच शब्द आपल्या आयुष्याला नाव म्हणून देतो.

त्याची चिमणी मात्र ईश्वरी योजनेने पडलेली नव्हती. ती एका लहान मुलाच्या छऱ्याच्या बंदुकीने पडली होती. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका मुलाला ओळखीचा वाटला नाही. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवले. त्यांनी त्या पक्ष्याचे नाव सांगितले, आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. त्या पडण्याला आधीपासून काही अर्थ नव्हता. एक जीव विनाकारण मेला, इतकेच घडले होते. अर्थ आला तो नंतर, 'हा कोणता पक्षी' या प्रश्नाने, आणि त्यापुढच्या ऐंशी वर्षांच्या श्रमाने. एका निष्कारण मृत्यूचे देणे त्या मुलाने सबंध पक्षिजातीला आयुष्यभर फेडले, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यांनी तसे मानले की नाही, हा त्यांचा प्रश्न. वाचक म्हणून आम्हांस तो अर्थ तेथे दिसतो.

आमच्या स्नेह्यांच्या शेजारणीला त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते आता निदान लिहून ठेवता येईल. होय, गुरुजींच्या इच्छा राहिल्या होत्या. ज्या मुलांना त्यांनी पुस्तके दिली, त्यांतल्या कितींनी ती पुरी वाचली हे त्यांना कळायचे राहिले होते. नंतर चौकशी केली तेव्हा समजले, की त्यांच्या वहीत चौदा पुस्तके परत यायची बाकी होती. ती आणायचे काम आता त्या बाईंच्या नातीने अंगावर घेतले आहे.